एका तोंडाचा मृदंग

मे महिन्यात आमच्या रत्नागिरीत माणसाला दोनच प्रश्न विचारतात. निकालाआधी, "यंदा आंबा कसा आहे?" आणि निकालानंतर, "किती पडले?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की विचारणारा डोळे बारीक करतो आणि शाखा वाटायला लागतो. नव्वदच्या वर डॉक्टर. ऐंशीच्या वर इंजिनिअर. सत्तरला कॉमर्स. आणि त्याखाली कुणी सापडला, की आवाज उतरवून, कुणी गेल्याची बातमी द्यावी तसं, "आर्ट्‌सला घाला मग." ही वाटणी कुणी ठरवली ते विचारू नका. पण साखरतरच्या खाडीपासून लांज्याच्या एस.टी. स्टँडपर्यंत ती सगळ्यांना पाठ आहे, आणि जे स्वतः नववीत दोनदा बसले त्यांना तर जास्तच.

काळबादेवीच्या हरिश्चंद्र शिवलकरांनाही ती पाठ होती.

हरिश्चंद्र म्हणजे बोटीवरचा माणूस. बत्तीस वर्षं त्यानं मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली. फडक्यानं तेल पुसणारा वायपर म्हणून चढला आणि इंजिनावर पहारा देणारा मोटरमन होऊन उतरला. आता घरी होता. सकाळी माडांना पाणी, दुपारी झोप, आणि संध्याकाळी पडवीत बसून गोष्टी. गोष्टी पुष्कळ होत्या, पण गावाला हवी असायची एकच, बंद पडता पडता वाचलेल्या बोटीची.

ही गोष्ट चोवीस वर्षांपूर्वीची. भर समुद्रात, किनारा चार दिवसांवर असताना, इंजिनाचं बेअरिंग वितळायला लागलं आणि हरिश्चंद्रानं ते वेळेत ओळखलं म्हणून बोट वाचली. एवढं खरं. पण गोष्ट म्हणजे काही सातबारा नव्हे, तिच्यात थोडीफार भर पडायचीच. त्या दिवशीची लाट पहिल्या वर्षी एका माडाएवढी होती. पुढं दर गणपतीत ती एकेक माड वाढत गेली आणि गेल्या वर्षी ती रत्नदुर्गाच्या दीपगृहाला टेकली. बोटीवरची माणसं अठराची सव्वीस झाली. मध्येच एक देवमासाही येऊन गेला. एक वाक्य मात्र चोवीस वर्षांत हललं नव्हतं. "तेलाच्या मीटरचा काटा टणकन वर गेला आणि तसाच खाली आला. कुणी नाही बघितला, मी बघितला." हे वाक्य म्हणताना हरिश्चंद्र भिंतीकडे बोट करायचा. तिथं कंपनीचं इंग्रजी पत्र चौकटीत लावलेलं होतं. मीटरवर दक्षपणे लक्ष ठेवून जहाजावरचं मोठं संकट टाळल्याबद्दल अभिनंदन, असं त्यात लिहिलेलं.

त्याला एकच मुलगी, निशिगंधा. बारावी सायन्सला तिला शहाऐंशी टक्के पडले. गावानं तिला त्याच संध्याकाळी इंजिनिअर करून टाकलं. हरिश्चंद्रानंही केलं. विचारायचं राहिलं ते फक्त निशिगंधाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिश्चंद्राची बायको मथुरा घावणे घालत होती. निशिगंधा चुलीजवळ बसून म्हणाली, "बाबा, मला पुण्याला जायचंय. तिथं एका विद्यापीठात चार वर्षांची पदवी आहे. फिजिक्स आणि संगीत, दोन्ही."

"दोन्ही म्हणजे?"

"दोन्ही म्हणजे दोन्ही. एकाच पदवीत."

"बी.ए. की बी.एस्सी.?"

"दोन्ही मिळून एक."

"म्हणजे अर्धी अर्धी दोन," हरिश्चंद्र म्हणाला. "हे बघ गो, बोटीवर दोन डिपार्टमेंट असतात. डेक आणि इंजिन. डेकवाला इंजिनात उतरला की तेलावरून घसरतो. इंजिनवाला डेकवर आला की त्याला ऊन बाधतं. ज्यानं त्यानं आपापल्या जागी राहायचं."

"आणि बोट?"

"बोटीचं काय?"

"बोट एकच असते ना, बाबा?"

मथुरा तोंड फिरवून तव्यात हसली. हरिश्चंद्रानं घावण्याचा तुकडा तोडला आणि चटणी न लावताच खाल्ला.

"गाणं हा काय विषय झाला? गाणं गणपतीत. नमनाचा खेळ शिमग्यात. मी बत्तीस वर्षं नोकरी केली आणि रजा मिळाली की जाखडीच्या नाचात मृदंगही वाजवला. पण कधी एकाचा दुसऱ्याला हात लागू दिला नाही."

"मला गाणं नाही शिकायचं, बाबा. मला आवाज शिकायचाय. तो अर्धा फिजिक्समध्ये आहे आणि अर्धा संगीतात. मी काय करू?"

निशिगंधा तीन वर्षं जेटीवर जाऊन होड्यांच्या इंजिनांचे आवाज फोनवर टिपत होती. कुठल्या होडीचा आवाज कुठं चढतो, कुठं फाटतो, हे ती वहीत रेघा काढून मांडायची. मासळीवाल्या बायका तिला विचारायच्या, "काय गो, होडीचं लग्न जुळवतेस काय पत्रिका बघून?" हरिश्चंद्राला हे ठाऊक होतं. पण पोरीचा छंद आणि पोरीची पदवी या दोन गोष्टींमध्ये त्याच्या मते खाडी होती, आणि त्या खाडीवर पूल नव्हता.

"लोक काय म्हणतील? शहाऐंशी टक्के मिळवून पोर आर्ट्‌सला गेली. काहीतरी भानगड असणार म्हणतील."

"अर्धीच गेली म्हणून सांगा," मथुरा म्हणाली.

"तू घावणे बघ."

मिरगाच्या पावसाआधी हरिश्चंद्र आपला मृदंग घेऊन लांज्याला गेला. पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटली होती आणि पावसाळी हवेत कातडं वाळत नाही, म्हणून दरवर्षी हे काम मेअखेरीलाच करून घ्यायचा रिवाज. लांज्याच्या स्टँडमागं महिपतचं छोटं दुकान होतं. मृदंग, ढोलकी, पखवाज मढवून देणं हा त्याचा पिढीजात धंदा. हरिश्चंद्राचं आजोळ तिथून दोन कोसांवर. लहानपणी महिपतच्या बापानंच त्याच्या पाठीत चापट्या मारून सहा मात्रांचा ठेका शिकवला होता. महिपत त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा, म्हणून महिपतदा.

हरिश्चंद्रानं मृदंग खाली ठेवला आणि मृदंगाविषयी एक अक्षर न बोलता तासभर पोरीविषयी बोलला. महिपत पुडीवर लावायची काळी शाई घोटत ऐकत होता.

"म्हणजे तुझं म्हणणं असं," शेवटी तो म्हणाला, "की माणसानं एकच बाजू धरावी."

"एकच. आणि ती घट्ट."

"दुसरी लागतच नाय?"

"दुसरीपायीच पहिली बिघडते."

"बरं," महिपत म्हणाला. "मृदंग मी स्वतः घेऊन येतो. मला तिकडं पाहुण्यांकडं जायचंय."

जूनमध्ये पुण्याची यादी लागली. प्रवेशपरीक्षेत निशिगंधा पास झाली होती आणि यादीत तिचं नाव सातवं होतं. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत जागा पक्की करायची, नाहीतर ती पुढच्या नंबराला जाणार. पक्की करायला फोनवर ओ.टी.पी. यायचा. आणि शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडं नंबर बापाचा.

गुरुवारी सकाळी हरिश्चंद्र म्हणाला, "माझा फोन विहिरीवर पाण्यात पडला."

"कुठंय?" निशिगंधानं विचारलं.

"वाळत घातलाय. चार-पाच दिवस लागतील म्हणतात."

निशिगंधानं बापाकडं पाहिलं. ती काही बोलली नाही. फोनबद्दलही नाही, आणि पुढं दोन दिवस कशाबद्दलही नाही. ताट वाढलं की जेवायची, ताट धुऊन ठेवायची. पडवीत बसून खाडीकडं बघायची. चोवीस वर्षं देवमासे पोसणारा हरिश्चंद्र या साध्या गप्प बसण्यानं मात्र घायकुतीला आला. शुक्रवारी त्यानं तिच्या आवडीचे बांगडे आणले. तिनं एक खाल्ला आणि "छान होते" म्हणाली. ते ऐकून त्याला उरलेले गोड लागेनात.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला महिपत आला. एस.टी.तून उतरून पावसातून चालत आला होता. छत्री मृदंगावर आणि स्वतः भिजलेला. मथुरानं त्याला टॉवेल दिला आणि चहा टाकला. निशिगंधा पडवीच्या खांबाला टेकून बसली होती.

"काय गो पोरी, तोंड असं का मासळीबाजारातल्या सुकलेल्या सुंगटासारखं?"

"काही नाही, महिपतकाका."

महिपतनं पोत्यातून मृदंग काढून हरिश्चंद्रापुढं ठेवला. हरिश्चंद्रानं मांडी घातली, मृदंग ओढला, उजव्या हातानं शाईवर टिचकी मारली. नवी पुडी टणटणीत बोलली. चेहरा खुलला. मग डावा हात दुसऱ्या तोंडावर मारायला गेला आणि तो थेट कोपरापर्यंत आत गेला.

डाव्या बाजूला कातडंच नव्हतं. ताणायच्या कातडी वाद्या एका रिकाम्या लोखंडी कड्याला नीट बांधलेल्या. आत पोकळ खोड, त्यात एक कोळी आरामात बसलेला.

"महिपतदा, हे काय?"

"तुझ्याच सांगण्यावरून केलंय. एक बाजू धरायची, ती घट्ट. दुसरीपायी पहिली बिघडते. म्हणालास ना?"

"अरे ते पोरीबद्दल होतं."

"मला काय ठाऊक? तू पुढ्यात मृदंग ठेवून बोलत होतास. मला वाटलं त्याचंच चाललंय."

स्वयंपाकघरातून चहाचं भांडं घसरल्याचा आवाज आला. निशिगंधानं दोन दिवसांत पहिल्यांदाच मान वर केली.

"वाजव की," महिपत म्हणाला. "सहा मात्रा. माझ्या बापानं शिकवलेला ठेका."

हरिश्चंद्रानं चिडून दोन हात मारले. शाई बोलत होती, पण तिला खाली काही आधारच नव्हता. एकटं माणूस रिकाम्या घरात टाळ्या वाजवतंय असं वाटायला लागलं. तो थांबला.

"हे सोंग पुरे. मुद्दा काय तो सांग."

"मुद्दा असा की मी ही पुडी मढवतो तेव्हा शाईचा थर किती द्यायचा, वादी किती ताणायची, ते मापानं ठरतं. माप चुकलं तर पुडी फाटते. पण पुडी बोलली की नाय, हे माप सांगत नाय. ते कान सांगतो. माझ्या बापानं मला दोन्ही एकाच दिवशी शिकवलं. माप शिकायला एका शाळेत आणि कान शिकायला दुसऱ्या शाळेत नाय धाडलं. तसं केलं असतं तर आज लांज्यात एक सुतार असता आणि एक भजनी असता. मृदंग नसता."

"ते हस्तकलेचं झालं. हे विद्यापीठ आहे. पुढं पोट कशानं भरेल ही?"

"तिला विचार."

हरिश्चंद्र तिच्याकडं वळला. ती खाडीकडं बघत म्हणाली, "सगळं नाही ठाऊक मला, बाबा. कमी ऐकू येणाऱ्यांची यंत्रं बनवणारे लोक असतात. सभागृह बांधताना आवाज कुठं घुमेल ते सांगणारे असतात. मशिनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारे असतात. त्यांना दोन्ही यावं लागतं. पण मला यातलं काय जमेल ते आज कसं सांगू? तुम्ही बोटीवर चढलात तेव्हा तुम्हाला तरी ठाऊक होतं का?"

"मशिनचा बिघाड मीटर ओळखतो," हरिश्चंद्र म्हणाला. "गाणं नाही."

"हां," महिपत टॉवेलनं कान पुसत म्हणाला. "बरी आठवण केलीस. ती बोटीची गोष्ट सांग रे वायच. माझी बस सव्वापाचला आहे."

"आता?"

"पाऊस आहे, चहा आहे, तू आहेस. आणखी काय लागतं?"

गोष्ट सांग म्हटल्यावर हरिश्चंद्राला नाही म्हणता यायचं नाही. सुरुवातीला तो घुश्शातच बोलला, पण दहा वाक्यांत समुद्र उसळला, लाट दीपगृह ओलांडून वरच्या किल्ल्याकडं निघाली, देवमासा येऊन शेपटी आपटून गेला. दुपारची बारा ते चारची ड्यूटी. सहा सिलिंडरचं, दुमजली घराएवढं इंजिन. आणि मग त्यानं सवयीनं भिंतीकडं बोट केलं. "तेलाच्या मीटरचा काटा टणकन वर गेला आणि तसाच खाली..."

"बाबा," निशिगंधा म्हणाली, "एक विचारू? लहानपणापासून विचारायचं होतं."

"विचार."

"इंजिनात तेल किती होतं?"

"असेल की काही टन."

"मीटर उष्णतेचा ना? मग एवढं तेल तापून काटा वर गेला, तर तो एका क्षणात खाली कसा येईल? तेल निवायला वेळ लागतो. आणि एक बेअरिंग नुकतं कुठं तापायला लागलं असेल, तर सगळ्या तेलाचा काटा टणकन वर तरी कसा जाईल?"

पागोळ्या गळत होत्या. मथुरा दारात चहाचे कप घेऊन उभी होती. महिपत कोळ्याकडं बघत होता, जणू प्रश्न त्या कोळ्यालाच विचारलाय.

हरिश्चंद्रानं तोंड उघडलं. त्याच्याजवळ लाटा होत्या, वादळ होतं, गरज पडली तर दुसरा देवमासाही आणता आला असता. पण या प्रश्नापुढं त्यातलं काहीच चालेना. एवढ्या मोठमोठ्या थापांत खरोखरचं खोटं असं ते एकच वाक्य होतं, आणि ते सगळ्यांत साधं होतं. चोवीस वर्षांत ते कुणी पकडलं नव्हतं. पकडलं ते त्याच्याच पोरीनं, आणि शाळेत शिकलेल्या फिजिक्सनं.

"काटा हलला नव्हता," तो म्हणाला.

मथुरानं कप खाली ठेवले.

"सगळे काटे जागेवर होते. इंजिनरूममध्ये कानात बोळे असतात, ऐकू काही येत नाही. पण ठेका पायातून चढतो. लोखंडी पत्र्यावर उभं राहिलं की सहा सिलिंडर म्हणजे सहा मात्रा. महिपतदाच्या बापानं पाठीत मारून शिकवल्या, त्या सहा. वर्षानुवर्षं मी त्यावर मनात मृदंग वाजवायचो, वेळ जावा म्हणून. त्या दुपारी पाचवी मात्रा पडत होती, पण ओल्या पुडीवर पडल्यासारखी. मी लोखंडी सळी घेतली, एक टोक इंजिनाला आणि एक कानाला लावलं. पाचवीच."

"मग?" निशिगंधा पुढं सरकली होती.

"ड्यूटीवरच्या थर्ड इंजिनिअर साहेबाला सांगितलं, साहेब, ठेका चुकतोय. तो हसला. म्हणाला, शिवलकर, ये इंजिनरूम है, बँड पार्टी नही. सगळे मीटर दाखवले त्यानं मला. मी परत आलो. पण पायाखाली ती मात्रा चुकतच होती गो. मग वीस मिनिटांनी पुन्हा गेलो आणि म्हणालो, काटा टणकन वर जाऊन आला, मी बघितला. काट्याचं नाव घेतल्याबरोबर त्यानं चीफ इंजिनिअरला फोन केला. इंजिन थांबवलं, उघडलं. पाचव्या सिलिंडरचं बेअरिंग. आणखी तासभर चाललं असतं तर संपलो होतो."

"आणि हे पत्र?"

"ते मी न बघितलेल्या काट्याबद्दल आहे."

हरिश्चंद्रानं चहाचा कप घेतला, पण प्यायला नाही. "खरं सांगितलं असतं तर पत्र गेलं असतं, ही एक भीती. पण ती पहिल्या वर्षाची. नंतर मलाच लाज वाटली. मोटरमननं मृदंगाच्या कानानं बोट वाचवली म्हटलं तर लोक हसतील. मीटरनं वाचवली म्हटलं की मान देतात. म्हणून मृदंग झाकला आणि मीटर टांगला. भिंतीवर."

"मला पहिल्या खेपेला खरं सांगितलं होतंस," महिपत हळूच म्हणाला. "बोटीवरून उतरलास तो थेट माझ्या बापाकडं आलास. त्याच्या पाया पडलास. तेव्हा त्यात मीटर नव्हता. लाटही नव्हती."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"गोष्ट चांगली रंगत होती. मध्ये कशाला बोला? पण आता तू तीच लाज या पोरीच्या गळ्यात बांधायला निघालास, म्हणून म्हटलं, भाडं खर्चून जावं."

हरिश्चंद्र पोरीकडं बघत राहिला. अठरा माणसांचा जीव ज्या कानानं वाचवला, तोच कान तिच्याकडं आला होता. आणि त्याच्याकडं जे नव्हतं, ते बोट ठेवून दाखवणारं गणितही तिच्याकडं होतं. त्या दिवशी इंजिनरूममध्ये तिच्यासारखं कुणी असतं, तर त्याला खोटं बोलायची वेळच आली नसती! कानानं ऐकलेलं तिनं कागदावर मांडून साहेबापुढं ठेवलं असतं. आणि हे असं माणूस घडायच्या आधीच तो त्याची एक बाजू सोलून काढायला बसला होता.

तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि तांदळाच्या पिंपात खांद्यापर्यंत हात घातला.

"उजवीकडं," मथुरा मागून म्हणाली. "तळाला."

"तुला ठाऊक होतं?"

"परवा तांदूळ काढताना हाताला लागला. कोरडा ठणठणीत. म्हटलं बघू, किती दिवस शिजत नाय."

फोन पिशवीतून निघाला. बंद करून ठेवलेला. सुरू केला तर चार टक्के बॅटरी. चार्जर लावायला गेला तर पिन आत जाईना, कारण पिशवीला भोक होतं आणि भोकातून तांदळाचा एक दाणा जाऊन नेमका तिथंच बसला होता. घड्याळात चार वाजून पस्तीस मिनिटं. बत्तीस वर्षं बोटीची इंजिनं उघडणाऱ्या माणसाच्या जाड बोटांना तो एक दाणा निघेना.

"द्या इकडं," मथुरा म्हणाली. तिनं गळ्यातल्या साखळीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि दाणा अलगद उपसून पिंपात परत टाकला. फुकट घालवायचा कशाला?

फोन दोन मिनिटं चार्जिंगला लावला, पण घरात रेंज नव्हती. चौघंही दारापुढच्या खळ्यात आली. महिपतनं छत्री धरली, ती पुन्हा स्वतःवर नाही, फोनवर. निशिगंधानं आपल्या फोनवर अर्ज उघडला. हरिश्चंद्र आपला फोन वर धरून माडाखाली उभा राहिला, दीपगृहासारखा. चार चाळीस. चार बेचाळीस. मग टुण्‌ करून मेसेज आला.

"वाचा, बाबा."

सहा आकडे होते. हरिश्चंद्रानं ते नुसते वाचले नाहीत. डाव्या तळव्यावर उजव्या हाताची बोटं मारत, एकेक मात्रा मोजून, सहाच्या ठेक्यात म्हटले, आणि पाचवा आकडा जरा ठासून म्हटला. निशिगंधानं टाइप केले. स्क्रीनवर हिरवी खूण आली. तिनं महिपतच्या हातातली छत्री ओढून बापाच्या डोक्यावर धरली.

"माझी बस," महिपत म्हणाला.

"आणि मृदंग?"

"दुसरी पुडी मढवूनच ठेवलीय लांज्यात. पोरगी पुण्याला जायच्या आधी तिला घेऊन ये. तिच्यासमोर बसवीन."

गणपतीला निशिगंधा घरी आली. जाखडी झाली, मृदंग दोन्ही तोंडांनी मनसोक्त बोलला, आणि आरतीनंतर मंडळींनी नेहमीप्रमाणे बोटीची गोष्ट मागितली. हरिश्चंद्र रंगात आला. लाट किल्ला ओलांडून पलीकडं गेली. देवमाशाला या वर्षी पिल्लू झालं होतं. सगळे माना डोलवत होते. मग तो थांबला आणि म्हणाला, "आणि काटा जागचा हलला नाही. मी ठेक्यावरून ओळखलं."

पडवीभर हशा पिकला. शेजारचा होडीवाला काशीराम तर मांडीवर थाप मारून म्हणाला, "हरी, देवमाशापर्यंत ठीक होतं. आता थापा जरा आवर."

अख्ख्या गोष्टीतलं जे एक खरं, त्याच्यावर कुणाचा विश्वास बसेना. हरिश्चंद्र निशिगंधाकडं बघायला लागला. तिनं फोन काढला, बापाला भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि सकाळी जेटीवर टिपलेले चार होड्यांचे आवाज एकामागून एक लावले. हरिश्चंद्र तिसऱ्याला म्हणाला, "ही काशीरामची. आणि काशीराम, तुझा एक सिलिंडर बघून घे. आवाज बसलाय."

"इथं दिसतंय ते," निशिगंधानं फोनवरची रेघ काशीरामपुढं धरली. "चौथ्या ठोक्याला प्रत्येक वेळी हा खड्डा येतो बघा, काका. पुण्याला सर म्हणाले की याचंच माप काढायला शिकायचंय आम्हाला."

काशीराम हसायचा थांबला. दुसऱ्या दिवशी तो होडी उघडून बसला होता असं लोकांनी पाहिलं. काय सापडलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण गौरी-गणपती गेल्यावर शिवलकरांच्या दारात एक टोपलीभर पापलेट आलं, आणि बरोबर निरोप, "पोरीला पाठवा, माझ्या बाकीच्या दोन होड्यापण ऐकायच्या आहेत."

तर मंडळी, निकाल पुन्हा लागणार आहेत. कुणा पोराला किती पडले ते तुम्ही विचारणार, आणि ऐकलं की डोळे बारीक करणार. तेव्हा शाखा वाटण्याआधी एवढंच करा. त्या पोराला विचारा की तुझे कान कुठं लागतात आणि हात कुठं चालतात. दोन जागा सांगितल्या तर घाबरू नका. विज्ञानाशिवाय कलेला माप सापडत नाही आणि कलेशिवाय विज्ञानाला काय मापायचं ते कळत नाही. आणि आपण जे लाजेनं झाकलं, ते पोरांच्या अंगावर टाकू नका. त्यांना कदाचित त्याचीच गरज असेल.

हरिश्चंद्रानं ते पत्र अजून भिंतीवरून काढलेलं नाही. पण त्याच खिळ्याला आता मृदंगही टांगलेला असतो. खिळा जुना आहे, आणि दोघांच्या वजनानं जरा वाकलाय. मथुरा म्हणते, दुसरा मारा. तो म्हणतो, राहू दे, एकच पुरतो.